भिकुशेटचे अकरा खिळे

एका गावात एक सोनार होता. दिवसभर त्याच्या हातात हातोडी असायची, पण राहत्या घरात एक खिळा मारायची त्याला चोरी होती.

त्याचं नाव भिकुशेट. बारा वर्षं तो आणि त्याची बायको सगुणा भाड्याच्या एका खोलीत राहिली. घरमालक मोठा खट. भिंतीला हात लावायचा नाही, खिळा मारायचा नाही, चूल जागची हलवायची नाही. पाहुणा आला की हा दारातूनच विचारायचा, "किती दिवस मुक्काम?" पाहुण्याच्या हातातलं पाणी हातातच राहायचं. पुढे पुढे पाहुणे यायचेच बंद झाले. भिकुशेटची टोपी बारा वर्षं पेटीच्या झाकणावर राहिली आणि सगुणाची इच्छा तिच्या मनात. इच्छा तरी केवढी? स्वतःच्या घरात एकदा पंचवीस माणसांची पंगत बसवायची, बस्स.

आणि एके दिवशी घर मिळालं हो! गावातला एक म्हातारा तेली लेकीच्या गावी राहायला निघाला होता. त्याचं तीन खणांचं कौलारू घर भिकुशेटने विकत घेतलं. घर कसलं, तेलाने आणि धुराने काळं झालेलं भुयारच ते. भिंतींचे पोपडे सुटलेले, जमिनीला खड्डे, दार असं कुरकुरायचं की आळीतली कुत्री भुंकायला लागायची. सगुणाने आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान!" मनापासून म्हणाली बरं का. नव्या घराच्या मालकिणीला पोपडे दिसत नसतात.

आणि भिकुशेटने काय केलं असेल? सामान उतरवलं नाही, घोटभर पाणी प्यायला नाही. हातोडी काढली आणि मधल्या खांबात ठाण ठाण ठाण खिळा मारला! खिळा तर मारला, पण टांगायला काहीच नव्हतं. मग डोक्यावरची टोपी काढून टांगली, आणि नवराबायको त्या टोपीकडे बघत उभी राहिली. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दोघं हसत होती.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्यात म्हणतात. जुनं घर नवं करणं म्हणजे तर दोन्ही एकदमच! दोघं पहाटे उठून कामाला लागायची. सगुणा भिंती खरवडायची, भिकुशेट खांब घासायचा. अंगभर काजळी, केसांत माती. एकदा भिकुशेट ओरडला, "अगं धाव, सोनं निघालं, सोनं!" सगुणा धावत आली. बघते तर काळ्या पुटाखालून सागाचं लाकूड निघालं होतं, मधासारखं पिवळंधमक. सोनाराची बायको ती, पण सोनं निघालं असतं तरी तिला याहून जास्त आनंद झाला नसता.

पुढच्या शुक्रवारी वास्तुशांत ठरली. सगुणाने पंगतीसाठी पत्रावळी लावायला घेतल्या.

भिकुशेटचं घर सोडून आळीत नऊ घरं होती. तिथली रीत अशी, की कुणी नवं घर घेतलं की एक दिवस सगळी आळी मदतीला यायची. घरटी एका माणसाने एक काम आपल्या हाताने करायचं. मजुरी नाही, नुसती पिठलं-भाकरी. याला म्हणायचं इर्जिक.

झाली इर्जिक. काय तो दिवस! हरबा माळ्याने जमीन चोपली. गेनू सुताराने दार नवं करून बसवलं. बायजा कुंभारणीला वयामुळे नीट दिसत नव्हतं, तरी तिने माती कालवून भिंतीत दिव्यासाठी कोनाडा केला. कुणी गिलावा दिला, कुणी चूल घातली. थट्टामस्करी, आरडाओरडा, माणसांनी घर नुसतं दणाणून गेलं. भिकुशेट एकेकापाशी जाऊन म्हणायचा, "वा दादा! वा मावशी! तुमच्या हाताला तोड नाही."

पण नजर पडली सोनाराची! गुंजभर कमीजास्त झालं तरी तिला खुपायचं. माणसं घरी गेल्यावर भिकुशेटने रेशमाच्या दोऱ्याला वजन बांधलं आणि भिंतीशी लावून पाहिलं. भिंत बोटभर बाहेर. जमिनीवर पाणी ओतून पाहिलं, तर ते एका कोपऱ्यात पळालं. दाराला खाली गव्हाच्या दाण्याएवढी फट. आणि बायजाचा कोनाडा? तो तर डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखा एका बाजूला कलला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आळी उठायच्या आत भिकुशेटने हरबाची जमीन उकरली आणि पुन्हा केली. तिसऱ्या दिवशी गिलावा खरवडला. चौथ्या दिवशी दार उतरवून पुन्हा बसवलं. मग बायजाचा कोनाडा मोडला आणि नवा केला, चारी कोपरे काटेकोर.

सगुणा म्हणाली, "अहो, त्यांना काय वाटेल?"

"मी कुणाला वाईट बोललो का?" भिकुशेट म्हणाला. "एक शब्द तरी? आपलं घर आहे, सरळ नको का?"

सगुणाने पुन्हा पत्रावळी लावायला घेतल्या. खरं सांगायचं तर घर दिसत होतंही देखणं.

आणि नेमकी तेव्हाच छपरात वाळवी निघाली. आढं, म्हणजे ज्याच्यावर सगळं छप्पर बसतं ते मधलं लांब लाकूड, आतून पार पोखरलं होतं. गेनूने सागाचं नवं आढं तासून अंगणात आणून टाकलं आणि म्हणाला, "बुधवारी सकाळी आठदहा जण येतो आणि चढवतो. काळजी नको." नवराबायकोने कौलं उतरवून अंगणात रचली, जुनं आढं तुकडे करून खाली काढलं. घरावर आता नुसतं आभाळ राहिलं.

मंगळवारी सकाळी बायजा आली, पदराखाली काहीतरी झाकून. "शेट, तुझ्या कोनाड्याला दिवा आणलाय," ती म्हणाली. तिने चाचपडत भिंत गाठली आणि दिवा आत ठेवला. दिवा कलला. तेल भिंतीवरून ओघळलं. तिने पुन्हा ठेवला, तो पुन्हा कलला. मग तिने कोनाड्याच्या कडेवरून बोटं फिरवली. चारी बाजूंनी फिरवली.

"हा माझा कोनाडा नव्हे," ती म्हणाली.

"मावशी, तो जरासा... म्हणजे थोडासा कलला होता," भिकुशेट म्हणाला.

"कलला होता ते मला ठाऊक होतं रे बाबा. डोळे गेलेत, बोटं नाही गेली. म्हणून तर दिव्याची बैठक तेवढी उलट कलती केली. त्यात तो ताठ बसला असता." तिने दिवा पदराने पुसला आणि घरी घेऊन गेली.

आळीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत एकेक जण काही ना काही निमित्ताने डोकावून गेला. हरबाने जमिनीकडे पाहिलं. गेनूने दाराच्या बिजागरीवरून अंगठा फिरवला. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

बुधवार उजाडला. भिकुशेट अंगणात वाट बघत उभा. गेनूचा निरोप आला, त्याला दुसऱ्या गावी काम निघालंय. हरबाच्या मळ्याला पाणी द्यायचं होतं. तिसऱ्याची कंबर धरली होती. नऊ घरांत नऊ अडचणी! सूर्य डोक्यावर आला तरी अंगणात चिटपाखरू नव्हतं.

"नाही येत तर नाही," भिकुशेट म्हणाला, आणि दोर बांधून स्वतःच आढं ओढायला लागला. सगुणानेही पदर खोचला. दोघांनी जीव खाऊन ओढलं. आढं हातभर उचललं आणि धाडकन खाली आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा आदळलं. भिकुशेटचे तळवे सोलून निघाले. त्याने वर पाहिलं. केसभरही न झुकलेल्या चार भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यावर काही नव्हतं. परवा वास्तुशांत. पत्रावळी लावून तयार, आणि जेवायला येणार कोण?

सगुणाचा बांध तिथे फुटला. ती रडत रडत म्हणाली, "बारा वर्षं मालकाने आपल्याला भिंतीला हात लावू दिला नाही. तुम्ही आळीचा हात आठ दिवस टिकू दिला नाही. मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय हो?"

सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात. इथे सोनाराचेच टोचले गेले, आणि चांगले दुखले. भिकुशेट आढ्यावर मटकन बसला. मधल्या खांबावरच्या आपल्या टोपीकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि टोपी न घालताच लोहाराकडे गेला. नऊ खिळे घेतले आणि पहिल्यांदा बायजाच्या दारात उभा राहिला.

"मावशी, मी तोंडावर वा वा केली आणि मागे तुमचा कोनाडा मोडला. चुकलो. आता हा खिळा घ्या आणि माझ्या घरात वाटेल तिथे मारा. मी काढणार नाही."

"मला दिसत नाही रे. तुझ्याच बोटावर बसेल."

"बसू दे!"

बायजा खो खो हसली. दिवा घेऊनच उठली.

भिकुशेट आळीतल्या प्रत्येक दारी गेला. चूक सांगितली, खिळा हातात दिला. हरबा मळ्यातून चिखलाच्या पायांनीच आला. कंबर धरलेला माणूस टुणकन उठून आला. दुसऱ्या गावी गेलेला गेनू तर स्वतःच्या माजघरातच सापडला!

मग काय मजा सांगू! ठाण ठाण ठाण, घरभर खिळेच खिळे. बायजाने चाचपून दाराच्या चौकटीत गुडघ्याएवढ्या उंचीवर खिळा मारला. हरबाने असा मारला की येता-जाता माणसाची टोपी अडकावी. गेनू पक्का खट्याळ. सुतार असून त्याने मुद्दाम तिरका खिळा ठोकला आणि हात बांधून म्हणाला, "बघू आता सोनाराची नजर!"

सगळे भिकुशेटकडे बघायला लागले. त्या तिरक्या खिळ्याने त्याची भुवई उडायला लागली. हात आपोआप कमरेच्या सांडशीकडे गेला. भिकुशेटने सांडशी काढली, क्षणभर हातात धरली, आणि गेनूच्याच खिळ्यावर टांगून ठेवली. असा हशा पिकला की आळीतली कुत्री पुन्हा भुंकायला लागली.

"मावशी, तुमचा कोनाडा तेवढा परत करून द्या," भिकुशेट म्हणाला.

"तसा वाकडा आता मला जमायचा नाही," बायजा म्हणाली. तिने अंगणातून कौलाची एक खापरी उचलली, दिव्याच्या एका बाजूखाली सरकवली आणि हात काढून घेतला. दिवा ताठ उभा राहिला. "झालं! एवढंच तर लागतं."

"चला रे, हात लावा!" गेनू ओरडला. दहा माणसं आढ्याला भिडली. "हर हर महादेव!" एका दमात आढं उचललं, दुसऱ्या दमात भिंतींच्या वर गेलं, तिसऱ्या दमात जागेवर बसलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून कौलं चढवली. कौलांची एक ओळ किंचित वाकडी गेली. भिकुशेटला ती दिसली, आणि तो पाणी द्यायला निघून गेला.

शुक्रवारी वास्तुशांत थाटात झाली. पंगत पंचवीसची धरली होती, माणसं झाली एकेचाळीस! खिळ्याखिळ्यावर फेटे, टोप्या, पिशव्या, छत्र्या टांगलेल्या. बायजाच्या गुडघ्याएवढ्या खिळ्यावर पोरांनी आपल्या टोप्या टांगल्या, कारण हात पोचेल असा तो एकच होता. सगुणा पुरणपोळ्या वाढत होती आणि वाढता वाढता डोळे पुसत होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "धूर झालाय."

तेवढ्यात दारात कोण? तोच जुना घरमालक! भाडेकरूने घर कसलं घेतलं ते बघायला आला होता. आत येताच त्याने वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरेरे! चांगल्या सागाच्या खांबांची काय दशा केलीस! कुणी मारले एवढे खिळे?"

"माझ्या माणसांनी," भिकुशेट म्हणाला. आत जाऊन त्याने हातोडी आणि आणखी एक खिळा आणला आणि मालकासमोर धरला. "तुम्हीही मारा एक. वाटेल तिथे."

पंगत थांबली. बारा वर्षं नाही म्हणत आलेला माणूस तो. त्याने खिळा घेतला, उलटासुलटा करून पाहिला. त्याला असं कधी कुणी म्हणालं नव्हतं, कारण त्याला कुणी आपल्या घरी बोलावतच नव्हतं. मग तो हळूच पुढे झाला आणि भिकुशेटच्या पहिल्या खिळ्याशेजारी आपला खिळा मारला. त्यावर आपला फेटा टांगला, हात धुतले आणि बायजाच्या बाजूच्या पाटावर बसला. चार पोळ्या खाल्ल्या. संध्याकाळ झाली तरी त्याचा पाय निघेना, पण किती दिवस मुक्काम, असं त्याला कुणी विचारलं नाही.

तात्पर्य: मदतीला आलेल्या माणसाचं काम थोडं वाकडं झालं तरी गोड मानून घ्यावं. तो हात माघारी गेला, तर नुसत्या सरळ भिंतींवर छप्पर चढत नाही.