रटरटत्या कुंडाची सुईण

रविवार, १२ जानेवारी २०२० रोजी, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, सांगली येथे श्री. विद्याधर खोचीकर यांच्या घराच्या गच्चीवर ही कथा सांगितली गेली. खोचीकर हे फाशांवर खेळल्या जाणाऱ्या एका काल्पनिक युद्धाच्या खेळाचे सूत्रधार. त्या दिवशी खेळाडूंनी पटावरचे बारा कनिष्ठ असुर एकाच डावात मारले होते. तेव्हा खोचीकरांची पुतणी इरावती हिने विचारले, "काका, हे दर वेळी मरायलाच का येतात? पळून का जात नाहीत?" खोचीकरांनी फासे डबीत ठेवले आणि पुढील कथा सांगितली. घटनांचा क्रम त्यांचाच ठेवला आहे. वाक्यरचनेची जबाबदारी मात्र लेखकाची.

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावे पडली नव्हती तेव्हा, एका काळ्या डोंगराच्या पोटात उकळत्या चिखलाचे एक कुंड होते. त्याच्या काठावर एक म्हातारी असुरीण राहत असे. ती सुईण होती. डोंगरातले सगळे कनिष्ठ असुर त्या कुंडातून जन्माला येत, आणि प्रत्येकाला बाहेर ओढून काढणारे पहिले हात तिचेच असत.

या असुरांची जन्माची रीत वेगळी होती. ते पोरवयात फार काळ राहत नसत, आणि बोलणे तर जन्मतःच येत असे. परंतु जन्मताना त्यांच्या पापण्यांवर चिखलाचा जाड थर असे. तो ओला असतानाच पुसावा लागे. एकदा वाळून दगड झाला की ते डोळे पुन्हा कधीही उघडत नसत.

कुंड फुगू लागले की सुईण चोपदाराला धाडी, आणि चोपदार डोंगराच्या माथ्यावरून महासुराला घेऊन येई. महासुर पालखीतून उतरे, काठावरच्या उंच आसनावर बसे आणि चिखलावर एक फुंकर घाली. थोड्या वेळाने डोके वर येई. सुईण पोराला शिळेवर घेई, त्याचे तोंड आसनाकडे वळवी आणि मगच ओल्या शेवाळाने डोळे पुशी. पोराला पहिले दर्शन घडे ते मुकुटाचे आणि मशालींचे.

"मी तुला घडवलं," महासुर म्हणे.

"तुमचा श्वास, तुमचा घास, धनी," असे पोराकडून म्हणवून घेतले जाई.

एवढ्यावर निष्ठा पक्की होत असे. पुढे तो असुर आयुष्यभर महासुराची पालखी वाही, त्याच्या लढाया लढे आणि त्याच्यासाठी मरे. माथ्यावरचे बडे असुर या सगळ्यांना मिळून 'चिल्लर' म्हणत. क्वचित कोणी आज्ञा मोडलीच, तर महासुर म्हणे, "मीच घडवलं, मीच मोडतो," आणि त्याला कुंडात ढकलले जाई. सुईणीने असे सतरा जण जाताना पाहिले होते. त्यांतला एकही वर आला नव्हता. त्यामुळे सगळी चिल्लर त्या कुंडाला थरथर कापे. आपण त्यातूनच आलो, हे त्यांना ऐकून ठाऊक होते. पण आठवत कोणालाच नव्हते, कारण त्या वेळी प्रत्येकाचे डोळे मिटलेले होते.

एके दिवशी कुंड फुगलेच नाही. एक बुडबुडा आला, फुटला, आणि पाठोपाठ थेट डोके वर आले.

सुईणीने धावत जाऊन पोराला काखेत हात घालून ओढले आणि शिळेवर ठेवले. पोर धडधाकट होते. पाय झाडत होते.

"चोपदारा, पळ! धन्यांना बोलाव!"

चोपदार गेला आणि धापा टाकत परत आला. "आक्का, धनी येत नाहीत. मिशांना तेल लावून घेताहेत. म्हणाले, थांबू दे त्याला."

"थांबू दे? इथे चिखल वाळायला लागलाय. बघ, हात लावून बघ!"

"मी कशाला हात लावू? माझे हात भाजायचे. तुझ्या हातांवर धन्यांचा आशीर्वाद आहे."

"मग परत जा. म्हणावं, अर्ध्या मिशीनं या."

"असं सांगितलं तर माझंच डोकं जाईल ना, आक्का!"

पोर हाताने डोळे चोळू पाहत होते. "काही दिसत नाही," ते म्हणाले. "असंच असतं का?"

सुईणीच्या हातात ओले शेवाळ होते. नियम ती जाणून होती. आसन रिकामे असताना डोळे पुसले, तर पुसणारीला आणि पोराला, दोघांनाही कुंड. नाही पुसले, तर पोर जन्माचे आंधळे. आणि आंधळी चिल्लर काय कामाची, म्हणून त्यालाही महासुर कुंडच दाखवणार. तिने पापणीला बोट लावून पाहिले. कडेला खपली धरली होती.

"आक्का, नको," चोपदार कुजबुजला. "ते तुला बघेल आणि तुझं होईल. धनी म्हणतील, सुईणीनं फौज उभारली."

"मला फौज नको आणि पोरही नको," सुईण म्हणाली. "मी मागे उभी राहते. त्याच्यासमोर कुणीच उभं राहू नका. सरका सगळे!"

मशालवाले, चोपदार, सगळे भिंतीला टेकले. तिने मागून हात पुढे घेतले आणि डोळे पुसले.

पोराने डोळे उघडले. समोर फक्त कुंड होते. त्याने बराच वेळ त्या उसळत्या चिखलाकडे पाहिले.

"मी यातून आलो?"

"हो," सुईण म्हणाली.

"आणि हे कुणी केलं?"

सुईणीने रिकाम्या आसनाकडे पाहिले. महासुराची फुंकर चिखलात जीव घालते, असे ती शेकडो वर्षे मानत आली होती. आज फुंकर घातलीच गेली नव्हती. पोर मात्र समोर बसून नाक खाजवत होते.

इतक्यात पालखीचा गलका झाला आणि महासुर आला. एक मिशी तुकतुकीत, दुसरी तशीच राठ. पोराचे उघडे डोळे पाहून तो जागच्या जागी थबकला. मग त्याने छाती पुढे काढली.

"ए चिल्लर! इकडे बघ. मी तुला घडवलं."

पोराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "तुम्ही तर आत्ता आलात."

भिंतीकडून कोणाचे तरी हसू फुटले आणि लगेच दाबले गेले. महासुराचा चेहरा तांबडालाल झाला.

"सुईणे, हे काय शिकवलंस त्याला?"

"काही नाही, धनी. शिकवायला वेळच कुठे मिळाला?"

"टाक त्याला कुंडात! मीच घडवलं, मीच मोडतो. टाक, म्हणजे तुला माफ करीन."

सुईणीने पोराला उचलले. पोराच्या सर्वांगावर तिची नजर फिरली. एक फोडसुद्धा नव्हता. तिने आजवर तीनशेच्या वर पोरे ओढून काढली होती, आणि त्यांतल्या एकाच्याही अंगावर कधी फोड पाहिला नव्हता. तीनशे जण आतून आले होते आणि भाजले नव्हते. सतरा जण आत गेले होते आणि आले नव्हते. या दोन्ही गोष्टी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण एकीवरून दुसरीबद्दल खात्री देता येत नव्हती. खात्री करून घेण्याची एकच वाट होती, आणि ती खात्री पोराच्या जिवावर करून घेणे तिला मान्य नव्हते.

तिने पोर चोपदाराच्या हातात दिले. "धर. दोन्ही हातांनी धर, मेल्या! ते काठी नव्हे!"

"आक्का, तू काय करतेस?"

"धन्यांनी कुंड सांगितलं ना? कुंडात जाते. पोराला नाही टाकणार."

"सुईणे!" महासुर गरजला. "एक पाऊल टाकलंस तर पुन्हा बाहेर यायची नाहीस!"

"मग कशाला ओरडताय, धनी? तुमचंच तर काम होतंय."

ती काठावरून खाली उतरली. चिखल घोट्यापर्यंत आला, गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. भिंतीकडच्या सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते. किंकाळी ऐकू येईना, म्हणून त्यांनी ते एकेक करून उघडले.

सुईण कुंडाच्या मधोमध उभी होती. अंग चांगलेच शेकत होते. भाजत मात्र नव्हते. पायांनी चाचपताना तिला तळाशी एक बोगदा लागला. डोंगराच्या पलीकडे जाणारा गार प्रवाह त्यातून पायांना लागत होता. ते सतरा जण परत का आले नाहीत, हे तिला उमगले. जिथून सुटले, तिथे परत कशाला येतील?

"गरम आहे," ती मोठ्याने म्हणाली. "पण एवढंच! ऐकलंत का रे? एवढंच!"

"माझ्या आशीर्वादानं वाचलीस!" महासुर ओरडला.

"असेल," सुईण म्हणाली. "मग तुम्हीही या, धनी. आशीर्वाद तुमचा, घडवणारे तुम्ही, चिखलही तुमचाच. या ना! पालखी नको, चारच पावलं आहेत."

महासुराने पाऊल उचलले. वाफेचा एक लोट त्याच्या तळव्याला लागला आणि त्याने पाय झटकन मागे घेतला. हे सर्वांनी पाहिले.

चोपदार पोराला कडेवर घेऊन काठाशी आला. "आक्का, खरंच एवढंच?"

"तू ये आणि सांग."

त्याने हातातली काठी टाकली आणि तो उतरला. "आई गं!" तो किंचाळला, मग म्हणाला, "अरे, बरं वाटतंय की!" पोर खदखदून हसले. मग मशालवाले उतरले, पालखीचे आठही भोई उतरले. चिखलात छातीपर्यंत उभे राहून ते सगळे काठावरच्या महासुराकडे पाहू लागले, आणि कोणीही 'तुमचा श्वास, तुमचा घास' म्हणाले नाही.

"चिल्लर!" महासुर म्हणाला. "तुम्हाला कोण विचारणार माझ्याशिवाय?"

"आम्हीच विचारू," सुईण म्हणाली. "सुरुवात झालीय."

महासुराने पालखीकडे बोट दाखवले, पण ती उचलायला कोणी वर आले नाही. मग तो आपल्या पायांनी डोंगर चढू लागला. तीन असुर मात्र चिखलातून बाहेर आले आणि त्याच्या मागे गेले. त्यांना दुसरे काही येत नव्हते. त्यांना कोणी अडवले नाही. "जा," सुईण एवढेच म्हणाली, "पण आता पाहून जाताय, हे ध्यानात ठेवा."

त्या दिवसापासून कुंडाच्या काठावर आसन उरले नाही. पोर आले की डोळे लगेच पुसले जातात आणि समोर कोणी उभे राहत नाही. पोराने विचारले, तर ठाऊक आहे तेवढे सांगतात. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे सांगतात.

तात्पर्य: डोळे उघडताना जो समोर उभा असतो, तो त्याच कारणाने आपला जन्मदाता ठरत नाही; आणि जो कोणी जन्माच्या नावाने निष्ठा मागतो, त्याच्याकडे जन्माचा पुरावा मागण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठालाही असतो.

कथेचा एक भाग लेखकाला पडताळता आलेला नाही. खोचीकरांच्या म्हणण्याप्रमाणे, महासुर पुढे दूरच्या एका डोंगरावर गेला, तिथेही त्याला असेच एक कुंड सापडले, आणि त्याच्या काठावर तो आजही मुकुट घालून उभा असतो; पटावर मरायला येणारे असुर त्याच कुंडातले. खेळाच्या नियमपुस्तिकांत याचा उल्लेख नाही. त्या गच्चीवरच्या इतर तिघा खेळाडूंपैकी दोघांना हा भाग ऐकल्याचे स्मरत नाही. तिसऱ्याने त्या डोंगराची दिशा सांगण्यास नकार दिला.