ठकूआईची रास

तो दगड आधी खाली ठेवा. आठवण म्हणून घरी न्यायला हे जत्रेतलं दुकान नव्हे. मी कोंडिबा येडगे. याच पठारावर म्हशी राखत म्हातारा झालो. पाहुण्यांना ही दगडांची रास दाखवतो आणि जाताना त्यांच्या पिशव्याही तपासतो.

ती निळी पाटी वाचलीत ना? संरक्षित स्मारक, हजारो वर्षांपूर्वीचं दफन, दगड हलवल्यास शिक्षा. सगळं लिहिलंय, पण जिला पुरलं तिचं नाव नाही. तिचं नाव ठकूआई.

असं सांगतात, की तेव्हा इथे आमची वीस घरं होती आणि पाणी एकच, तो समोरचा झरा. झरा बाटू नये म्हणून आमची माणसं मढं खांद्यावर घेऊन दिवसभराची वाट उतरायची आणि खाली नदीकाठी पुरायची. हा भलेपणाच त्यांच्या मुळावर आला. खालच्या गावच्या नाईकाला इथलं गवत हवं होतं. तो भालेकरी घेऊन वर आला.

"धा दिसांत निघा हितनं. हितं तुमचं काय पुरलंय?"

ज्याची माणसं जिथे पुरलेली, ती जमीन त्याची, असा तेव्हाचा रिवाज; आणि इथे खरंच काही पुरलेलं नव्हतं. बायका भांडीकुंडी बांधू लागल्या. ठकूआईचा लेक तिला पाठुंगळी घ्यायला वाकला, तर म्हातारीने त्याच्या पाठीत काठीच घातली म्हणे.

"मुडद्यांनो, जीभ झडली का तुमची? खड्डा खणा. मला पुरा. मग सांगा त्याला, काय पुरलंय ते!"

झऱ्यापासून लांब, या उंचवट्यावर ती बसली. अन्न सोडलं, पाणी सोडलं. नवव्या दिवशी गेली. तिला इथेच माती दिली आणि घरटी एकेकाने दगड आणून ठेवला. दहाव्या दिवशी नाईक आला आणि त्याने पुन्हा तेच विचारलं.

"आमची आय," लेक म्हणाला.

नाईक आला तसा परत गेला.

आजही पठारावर नवी सून आली, की चूल पेटवण्याआधी इथे एक दगड ठेवते. आणि आजही तोच प्रश्न वर चढून येतो. गेल्या महिन्यात पवनचक्क्यांसाठी जागा बघायला एक साहेब आला. बूट घालून थेट राशीवर उभा राहिला आणि मला हसून म्हणाला, "आजोबा, इथे तुमचं एवढं काय पुरलंय?"

मी काठी त्याच्या बुटांवर रोखली.

"आदी खाली उतर," मी म्हटलं. "आमच्या आयच्या छाताडावर हुबा हायेस."