बेचाळीसवर चाललेला पंप

उंच पठारावर एक गाव होते. त्या गावाला प्यायचे पाणी खालच्या नदीतून, काठच्या वाळूत गाळून, यायचे. नदीकाठी पंपघर होते आणि ते पंपघर सगुणाकाकू सांभाळायच्या. काकू फार कमी बोलत. गावसभेला गेल्या तरी मागे खांबाला टेकून बसत आणि कोणी काही विचारले तर पदर सावरत नुसती मान हलवत. पण बारा वर्षे त्या मोटारीजवळ बसल्या होत्या. मोटारीचा आवाज जरा बदलला तरी त्यांच्या हातातला घास थांबे.

पंपघराच्या भिंतीवर एक करडी पेटी होती. तिला व्हीएफडी म्हणत. मोटारीचा वेग कमी-जास्त करणे हे त्या पेटीचे काम. पेटीवर पन्नास आकडा आला की मोटार पूर्ण वेगाने फिरे. उन्हाळ्यात नदी आटली की काकू वेग उतरवत. तेव्हा त्यांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती. आकडा अडतीसच्या खाली गेला की मोटार नुसती घुमते, पाणी डोंगर चढत नाही. चाळीसच्या पुढे गेला की चढते. धार बारीक असते, पण चढते.

एका वर्षी मोठे वादळ झाले. विजेचे सात खांब आडवे झाले. तालुक्याकडच्या घाटात दरड कोसळली, त्यामुळे टँकर यायचीही सोय उरली नाही. दोन दिवसांत गावची टाकी कोरडी पडली. लोक ओढ्याचे गढूळ पाणी फडक्याने गाळून पिऊ लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी चार लेकरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. गावच्या नर्सबाई दारोदार फिरून सांगू लागल्या, "ओढ्याचं पाणी पाजू नका. आज दिवस मावळायच्या आत चांगलं पाणी वर आलं पाहिजे. नाहीतर उद्या प्रत्येक घरात एक अंथरूण पडेल."

गावात हैबतराव नावाचे बडे गृहस्थ होते. त्यांचे मंगल कार्यालय होते आणि कार्यालयाचा मोठा जनरेटर होता. मनाने ते उदार होते, पण उतावळे. त्यांनी जनरेटर ट्रॅक्टरला जोडला आणि निम्मे गाव बरोबर घेऊन नदीकाठी उतरले.

"काकू, चिंता सोडा," ते म्हणाले. "माझा जनरेटर हजार माणसांचं लग्न ओढतो. तुमची एक मोटार म्हणजे त्याला सुपारी!"

ईश्वर वायरमनने तारा जोडल्या. जनरेटर सुरू झाला. ईश्वरने पेटीचे बटण दाबले. मोटार घुमू लागली, आकडा भराभर वर चढला, आणि पस्तीसला पोचतो न पोचतो तोच जनरेटरचा आवाज बसला. पेटीवर लाल दिवा लागला. मोटार थांबली.

"पेटीच खराब आहे," हैबतराव म्हणाले. "ईश्वर, काढ तिला मधून. मोटार सरळ जनरेटरला जोड."

काकूंच्या ओठावर शब्द आला होता. पण इतकी माणसे बघून तो तिथेच राहिला.

ईश्वरने मोटार सरळ जोडली. खटका ओढताच जनरेटरने भसकन काळा धूर सोडला. पंपघरातला दिवा विझत आल्यासारखा मिणमिणला. मोटारीने एक हिसका दिला, आतून घरघर ऐकू आली, आणि खटका आपोआप खाली पडला.

"जोर कमी पडतोय. परत ओढ!" हैबतराव ओरडले.

ईश्वरने परत ओढला. परत धूर, परत घरघर. या वेळी जळका वास आला. तो वास काकूंच्या नाकात गेला आणि त्यांची लाज कुठल्या कुठे पळाली. ईश्वरचा हात तिसऱ्यांदा खटक्याकडे गेला, तेव्हा त्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"आता नाही. आता ओढलात तर मोटार जळेल. मोटार जळली तर वीज आल्यावरसुद्धा पाणी नाही."

काकूंचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"मग काय करायचं म्हणता?" हैबतरावांनी विचारले. "मोटारीची ओटी भरायची?"

लोक हसले. काकूंचे कान लाल झाले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"लग्नात तुम्ही दिवे नि पंखे लावता, भाऊ. ते लागल्या लागल्या जेवढं मागायचं तेवढंच मागतात. मोटार तशी नाही. थांबलेली मोटार एकदम उठवली तर उठताना ती सहापट मागते. तेवढं तुमच्या जनरेटरकडे नाही. पेटी तिला हळूहळू उठवते. पेटी खराब नाही. ती गावच्या विजेच्या हिशेबाने लावलेली आहे, म्हणून घाई करतेय. मला ती जनरेटरच्या हिशेबाने लावू द्या."

ईश्वरने हैबतरावांकडे पाहिले. मग खटका ओढून काळ्या झालेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिले, आणि मुकाट्याने पेटी पुन्हा जोडून दिली.

काकूंनी पेटीची बटणे दाबली. पूर्वी मोटार दहा सेकंदांत वेग घेई, ती आता दोन मिनिटे घेणार होती. आणि वेग पन्नासवर नाही, बेचाळीसवर थांबणार होता. पंपघरातला पंखा, दिवा, सगळे त्यांनी बंद करायला लावले. जनरेटर थोडा वेळ रिकामाच चालवला. आवाज एकसारखा झाला तेव्हाच बटण दाबले.

मोटार इतकी हळू उठली की आधी कोणाला कळलेच नाही. पाच. बारा. वीस. पस्तीसला सगळ्यांनी जनरेटरकडे पाहिले. जनरेटर थोडा कण्हला, पण बसला नाही. अडतीस. चाळीस. बेचाळीस. दाबाच्या काट्याने थरथरत मान वर केली.

"चाललं!" ईश्वर ओरडला.

पण पाइप लांब होता आणि चढ उभा. अर्धा तास गेला, वरून काहीच निरोप आला नाही. लोक चुळबुळू लागले.

"काकू, ही काय मुंगीची चाल," हैबतराव म्हणाले. "लावा की पन्नासवर. लेकरं तिकडे कोमेजलीत."

त्या लेकरांत काकूंचा नातूही होता. त्यांचे बोट बटणाकडे गेले. आकडा पंचेचाळीस झाला. लगेच जनरेटरचा आवाज जड झाला. काकूंनी बोट मागे घेतले आणि आकडा परत बेचाळीसवर आणला. मग पेटीकडे पाठ करून उंबऱ्यात बसल्या.

"आता याला कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्हीसुद्धा नाही. आणि मीसुद्धा नाही."

आणखी थोडा वेळ गेला. एकाएकी पठारावरून हलगी कडाडली. ती वाजवायला कोणी सांगितले नव्हते. हलगीच्या मागून आरोळ्या आल्या, आणि मग कड्यावर एक बाई दिसली. ती भरलेली कळशी दोन्ही हातांनी उंच धरून नाचत होती.

पंप दिवसभर तसाच चालला. दिवस मावळताना टाकी काठोकाठ भरली. नर्सबाईंचा निरोप आला की चारही लेकरे पाणी पचवत आहेत आणि पाचवे आजारी पडलेले नाही.

हैबतरावांनी ट्रॅक्टर पंपघराच्या दारात आणला. "चला काकू, गाव वाट बघतंय. आज तुमची मिरवणूक. आणि माझी खोड मोडलीत, हे मी स्वतः चावडीवर सांगणार."

"सांगा की," काकू म्हणाल्या. "पण मी कशी येऊ? पंप चालू आहे."

मग हलगी पुढे घालून सारे गावच डोंगर उतरून पंपघराशी आले.

तात्पर्य: ज्याच्यात जेवढे बळ आहे तेवढेच त्याच्याकडून मागावे, म्हणजे थोड्या बळावरही मोठे काम तडीस जाते, आणि हे ज्याला कळते, त्याने चारचौघांत ते सांगायला कधी लाजू नये.