येसबा आणि नानांचा फळा

एका गावात एक भोळा तांबट राहत होता. नाव येसबा. उंचीला ताडासारखा. भांड्यांना कल्हई करायचा, आणि कुणी सांगेल ते करायचा.

त्या मंगळवारी विशेष काही नव्हतं. बाजार नव्हता, सण नव्हता. येसबा भट्टीसाठी कोळसा आणायला निघाला आणि सवयीने वाचनालयाच्या फळ्यासमोर थांबला. फळा लिहायचे नाना देऊसकर. नाना एकटे, येसबाचे जिवाभावाचे. फळ्यावर ते खऱ्या बातम्या लिहीत आणि अधूनमधून एखादा चिमटा काढत. त्या दिवशी लिहिलं होतं: ‘गावातले खड्डे सांभाळणं पंचायतीला झेपत नाही. सबब ते दत्तक द्यायचे आहेत. होतकरू पालकांनी पुढे यावे.’

येसबा पुढे आला. दारासमोरचाच खड्डा त्याने पसंत केला. बायकोने, सगुणाने, कपाळावर हात मारला, तरी त्याने खड्ड्याचं बारसं केलं. घुगऱ्या वाटल्या. ठराव सरपंचांचा, म्हणून नावही सरपंचांचंच ठेवलं. धैर्यशील.

संध्याकाळी सरपंच धैर्यशीलरावांची जीप धैर्यशीलमध्ये अडकली.

“हळू हो,” येसबा ओरडला, “आजच बारसं झालंय त्याचं!”

बुटके सरपंच जीपमधून उडी मारून उतरले ते थेट वाचनालयात. “नाना, ही बदनामी आहे. असा ठराव झालेलाच नाही!”

“ते सगळ्या गावाला कळलं, सरपंच,” नाना म्हणाले. “खरं दोघांनीच मानलं. येसबानं आणि तुम्ही.”

मग नानांनी येसबाला जवळ बसवलं. “हे बघ, फळ्यावरचं खरं मानायचं नसतं. वाचायचं, हसायचं, पुढं जायचं.”

येसबाने मान डोलावली. धडा पक्का झाला.

आठवड्याने फळ्यावर आलं: ‘उद्या पाण्याच्या टाकीत औषध टाकणार आहेत. दुपारपर्यंत पाणी पिऊ नये.’ येसबाने वाचलं. येसबा हसला. सकाळी घटाघटा पाणी प्यायला आणि पुढे गेला. तांब्या घेऊन गेला, आणि दिवसभर जातच राहिला.

सगुणा वाचनालयात येऊन उभी राहिली. “नाना, खोटं असेल तिथं खाली ‘खोटं’ म्हणून लिहा की हो. माणूस पार सुकलाय माझा.”

“वहिनी, चिमटा काढून वर ‘हा चिमटा होता’ असं सांगितलं, तर ते गोंजारणं झालं.” तरी नानांना वाईट वाटलं होतं. ते येसबाकडे वळले. “तुला एक खूण सांगतो. सरपंच कुणाची तोंड भरून स्तुती करताना दिसले, नाहीतर कुणासाठी डोळे पुसताना दिसले, की तो माझा चिमटा. तेवढ्यालाच हसायचं. बाकी सगळं खरं.”

येसबाने मान डोलावली. धडा पक्का झाला.

पुढे ग्रामसभा भरली. तालुक्याचे साहेब आले होते. सरपंच विरोधी गटाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याकडे हात करून म्हणाले, “आबा मला वडिलांच्या जागी आहेत,” आणि त्यांनी डोळ्याला रुमाल लावला.

येसबा खदाखदा हसला.

“काय रे, कशाला हसतोस?”

“तुम्ही रडलात म्हणून. नानांचा चिमटा ना हा?”

आधी आबा हसले. मग सभा हसली. साहेबांना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मूर्खाच्या गोष्टीत मूर्खाचं दर वेळी चुकावं असा नियम आहे. इथे चुकलं नाही, त्याला इलाज नाही.

महिन्याभरात पंचायतीकडून वाचनालयाला मिळणारी मदत बंद झाली. नाना आपल्या पैशांनी खडू आणू लागले. त्यांना खोकलाही जडला होता. एका संध्याकाळी दोघे वाचनालयाच्या पायरीवर बसले होते.

“येसबा, मी मेलो की पुढचा खांदा तू द्यायचा. दुसरा खांदा माझ्या भाच्याचा, तो तुझ्यासारखाच उंच. त्याला जोड तूच. नाहीतर मला तिरका नेतील.”

“देईन की,” येसबा म्हणाला. “तुम्ही फक्त सांगा.”

“मी कसा सांगणार, गाढवा? फळ्यावर येईल.”

श्रावणात येसबा बहिणीच्या गावी कल्हईच्या कामाला गेला. परतताना त्याने नानांसाठी फुटाणे घेतले. एसटीतून उतरला तर फळ्याला हार घातलेला. फळ्यावर लिहिलं होतं: ‘गावाचे भूषण, निर्भीड विचारवंत, आमचे मार्गदर्शक आणि परममित्र नाना देऊसकर यांचे दुःखद निधन. वाचनालयाची सेवा हीच त्यांना श्रद्धांजली. शोकाकुल, सरपंच धैर्यशीलराव.’

येसबाने ‘मार्गदर्शक’ वाचलं आणि त्याला हसू फुटलं. ‘परममित्र’ला आल्यावर त्याने खांब धरला. असा चिमटा नानांनी आजवर काढला नव्हता. दुकानंसुद्धा बंद! म्हणजे वाण्यालाही सामील करून घेतलेलं.

समोरच्या दारातून भागीरथीकाकू म्हणाल्या, “अरे येसबा, इथं काय उभा? सगळे नदीवर गेलेत. पळ लवकर!”

“काकू, तुम्हीसुद्धा?” येसबा हसत म्हणाला, आणि पायरीवर जाऊन बसला. थोडा सरकून नानांसाठी जागा केली. नाना आले की सांगायचं होतं, आजवरच्यात हा सगळ्यात भारी.

उन्हं उतरल्यावर माणसं परतली. सगळ्यांचे केस ओले. पुढे सरपंच, डोळे पुसत.

येसबाने टाळी वाजवली. “वा सरपंच! मागच्यापेक्षा छान रडलात! नाना कुठायत?”

कुणी हसलं नाही. सरपंच खाली बघून निघून गेले. नानांचा भाचा मागे राहिला. त्याचा एक खांदा सोलवटला होता.

“खूप वाट बघितली तुझी,” तो म्हणाला. “शेवटी तुझ्या जागी सरपंच लागले. फोटो होईपर्यंत. मग जो हाताशी आला तो. मामाला तिरकंच न्यावं लागलं.”

येसबाने फळा पुन्हा वाचला. स्तुती होती. रडणं होतं. खूण बरोबर होती.

खांदा द्यायचा राहिला.