वर थांबणाऱ्याचं चाक

“पण वस्ताद, खोल रिमची चाकं घेऊ की हलक्या रिमची, एवढं तरी सांगा!”

दस्तगीर वस्तादांनी चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं.

शिरीष आल्यापासून हाच प्रश्न घोळवत होता. घाट चढून आलेला माणूस आधी धापा टाकतो, मग बोलतो. हा दोन्ही एकदम करत होता.

घाटमाथ्यावरच्या खिंडीत पिराचा छोटासा दर्गा आहे. त्याची झाडलोट, दिवाबत्ती वस्तादांकडे. तरुणपणी ते सायकलच्या शर्यती मारायचे, पुढं त्यांनी याच घाटात बऱ्याच जणांना तयार केलं. ‘सायकल चालवायला मी कुणाला शिकवलं न्हाई, दमायला शिकवलं,’ असं ते म्हणत. शिरीष त्यांच्या शिष्यांपैकी एक. सगळ्यांत जास्त वाचणारा आणि सगळ्यांत सावकाश चढणारा.

“खोल रिम सपाटीला वारं कापते,” शिरीष सांगू लागला. “पण घाटात आडवं वारं आलं की हँडल ओढते. हलकी रिम चढाला बरी, पण सपाटीवर मार खाते. त्यात पुन्हा आऱ्या किती, मधला हब कुठला... तुमच्या काळी हे नव्हतं वस्ताद, तुम्हाला कल्पना नाही यायची. महिनाभर मी दुसरं काहीही केलेलं नाही.”

“दिसतंय.”

“काय दिसतंय?”

“दाढी.”

शिरीषने गालावरून हात फिरवला. एरवी तो हसला असता.

दसरा नुकताच झाला होता. ओसरीबाहेर सकाळचं दाट धुकं खिंडीत कोंबून भरलेलं. दर्ग्याच्या कठड्याला शिरीषची सायकल टेकवली होती आणि तिला आज नवी चाकं होती, काळी कुळकुळीत. दुकानदाराने वापरून बघायला दिलेली. पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर परत.

वस्तादांनी चहा ओतला. कप शिरीषच्या हातात दिला.

“ही कशी वाटली?”

“फुलासारखी हलकी आहेत. आणि मुख्य म्हणजे मुकी आहेत.” शिरीष कप घेऊनच उठला. दुसऱ्या हातानं सायकल मागून उचलली, पायाने पायडल मारलं आणि सोडून दिलं. चाक फिरत राहिलं. आवाज म्हणून नाही. “बघा! फ्रीव्हीलची टिकटिक नाही, काही नाही. जुन्या चाकांचा काय गलका असायचा!”

वस्ताद फिरणाऱ्या चाकाकडं बघत राहिले.

“ब्येस हाय,” ते म्हणाले. “मग धुक्यात काय करायचं?”

शिरीषने सायकल खाली टेकवली.

वस्तादांच्या शिष्यांत एक रिवाज होता. खिंडीत जो आधी पोचेल, त्याने बसायचं नाही, चहापाण्याला तोंड लावायचं नाही. सायकलचं मागचं चाक उचलायचं, पायडल मारून सोडायचं आणि टिकटिक चालू ठेवायची. चाक थांबलं की पुन्हा फिरवायचं. खालचा माणूस धुक्यात अर्धमेला होऊन चढत असतो. त्याला माथा दिसत नाही, पुढचं वळणसुद्धा दिसत नाही. ती टिकटिक कानावर आली की कळतं, वर कुणीतरी थांबलंय. शेवटचा माणूस येईस्तोवर हे चालायचं.

शेवटचा माणूस बहुतेक वेळा शिरीषच असे. आणि त्याच्यासाठी चाक फिरवत उभी असायची ती वृंदा.

वृंदा त्याची बायको. दोघांची ओळखच या घाटातली. ती सरसर चढून जायची आणि हा मागे आपला पाय ओढत यायचा. शेवटच्या वळणावर त्याला तिच्या चाकाची टिकटिक ऐकू यायची. वर पोचला की ती म्हणायची, “आलास?” एवढंच. ते ‘आलास?’ ऐकायला आपण हा घाट चढतो, हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. बायकोला असलं काय सांगायचं, असं त्याला वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात वृंदा आजारी पडली, आणि गेली.

“वस्ताद, खरं सांगू?”

“त्यापायीच एवढा चढ चढून आलास न्हवं?”

शिरीष कठड्यावर बसला. चहा हातात तसाच होता.

“ती म्हणायची... ‘एकदा तरी माझ्या आधी पोच रे. दर वेळी मीच थांबते. आपल्यासाठी वर कुणी थांबलंय म्हटल्यावर कसं वाटतं, ते मलाही बघायचंय एकदा.’”

“मग?”

“मग काय... हसण्यावारी न्यायचो. म्हणायचो, चांगली चाकं घेतो आणि मग बघ. दर दिवाळीला म्हणायचो. दर दिवाळीला काहीतरी आड यायचं.”

“आता घेतोयस.”

“आता घेतोय.”

“कुणाच्या आधी पोचायला?”

शिरीषचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत. महिनाभर तो रिमची खोली आणि हबचं वजन घोकत बसला होता, कारण ते घोकत असताना घर खायला उठत नसे. त्याला चाकं नको होती. घाटही नको होता. त्याला ती हवी होती... घामेजलेली, वर उभी, ‘आलास?’ म्हणणारी.

वस्ताद उठले, आतल्या खोलीत गेले. बाहेर आले ते वृंदाची सायकल हातात धरून.

ती घरात बघवेना म्हणून शिरीषनेच इथं आणून ठेवली होती. त्यानंतर आज पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघत होता. टायरमध्ये हवा होती. साखळीला ताजं तेल होतं.

वस्तादांनी सायकल रस्त्याच्या कडेला नेली. घाटातला रस्ता जिथं वर येतो, बरोबर तिथं उभी केली.

“आज खालनं कोण कोण चढून आलं?”

“मी... एकटाच.”

“मग आधी कोण पोचलं?”

शिरीषने मान वळवली. धुक्याकडं बघितलं. मग वस्तादांकडं.

“मी,” तो हळूच म्हणाला.

“आणि हातात चहा घेऊन बसलायस. रिवाज इसरलास व्हय?”

शिरीषने कप खाली ठेवला. चहाला अजून त्याचं तोंड लागलं नव्हतं. तो रस्त्याच्या कडेला गेला, वृंदाची सायकल मागून उचलली, पायडल मारलं आणि सोडलं.

टिक टिक टिक टिक...

हाच आवाज. तो त्याने आजवर खालूनच ऐकला होता. वर, असा हाताशी, कधीच नाही.

चाक थांबलं. त्याने पुन्हा फिरवलं.

थोड्या वेळानं दंड भरून आला. सायकल तशी हलकी, पण अधांतरी धरून उभं राहायचं म्हणजे ओझं वाटत होतं. बोटं गारठली. तहान लागली होती. इतका वेळ ती हे धरून उभी राहायची... आणि आपण पोचल्यावर म्हणायचो काय, तर ‘चल, चहा घेऊ.’ त्याला स्वतःचाच राग आला, आणि तिची इतकी आठवण आली की श्वास पुरेना.

चाक थांबलं. त्याने हात बदलला आणि पुन्हा फिरवलं.

खाली नुसतं धुकं. रस्ता पावलाभरावर दिसेनासा होत होता. गाडी नाही, माणूस नाही.

“वस्ताद...” चाक फिरवता फिरवता त्याने विचारलं. “पण खाली कोण आहे? कुणाला ऐकू जाणार आहे हे?”

वस्तादांनी त्याचा कप उचलला, चहा परत पातेल्यात ओतला आणि पातेलं निखाऱ्यावर सरकवलं.

“वर थांबणाऱ्यानं ते इचारायचं नसतं.”