दोन ॲम्प्लिफायर आणि एक ठुमरी

साताऱ्याच्या गानमंडळाला हेडफोनसाठी खिशात मावणारा ॲम्प्लिफायर निवडायचा होता. शरयूताईंनी आपला साधा आणला होता, अध्यक्ष दिनकररावांनी परदेशी. दोन्हींवर एकच ठुमरी ऐकून दिनकरराव म्हणाले, "माझ्या ॲम्प्लिफायरवर काय खर्ज, काय झळाळी! ताई, तुमच्या डबीत हे कुठलं?"

ताईंना लागलं. ठुमरीचं ते ध्वनिमुद्रण त्यांच्या दिवंगत आईच्या गाण्याचं होतं. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "ठुमरीचे बोल काय होते हो?"

दिनकररावांना एकही शब्द आठवेना.

"म्हणजे दोन्ही डब्या ऐकून झाल्या," ताई म्हणाल्या, "आई तेवढी ऐकायची राहिली."

दिनकररावांनी हेडफोन पुन्हा कानांना लावला. या वेळी कोणता ॲम्प्लिफायर जोडलाय, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.