बाबांचा शंख

फार पूर्वी समुद्राकाठी एक खेकडा आणि त्याचा लेक आपापल्या शंखात राहायचे. लेक वाढला, त्याला शंख घट्ट होऊ लागला. शेजारचा म्हातारा खेकडा म्हणाला, "माझा मोठा शंख घे. पण आधी मला राहण्याजोगा दुसरा आणून दे."

"माझा दे त्यांना," बाप म्हणाला.

"आणि तुम्ही, बाबा?"

"तुझा जुना आहे की. मला पुरेल."

पुरला नाही. बापाचं निम्मं मऊ अंग बाहेरच राहिलं. तेवढ्यात घारीची सावली वाळूवरून सरकली.

"आत जा," बाप कसाबसा म्हणाला.

नवं घर ऐसपैस होतं. पण लेक त्यात कधीच पुरता शिरला नाही. त्याची एक नांगी कायम बाहेर असायची, बापाच्या उघड्या अंगावर.